लाटवियाने २००८ साली लॅट्सचं अवमूल्यन का टाळलं?

खतावणी
लॅट्स, म्हणजे लाटवियाचं तेव्हाचं चलन, युरोला बांधलेला होता: १ युरो = ०.७०२८०४ लॅट्स, वर-खाली १ टक्क्याची मुभा. २००८ च्या अखेरीस पारेक्स बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, नाणेनिधी, युरोपीय संघ वगैरेंचं साडेसात अब्ज युरोंचं पॅकेज आलं. त्याच वेळी दर सोडून दिला असता तर पगार कापायची वेळ आली नसती. मग अडलं कुठे?

अर्धविराम
कर्जात. घरकर्जं बहुतांशी युरोत, पगार लॅट्समध्ये. ५०,००० युरोंचं कर्ज म्हणजे ३५,१४० लॅट्स, दर ०.८० झाला की तेच ४०,०००, आणि पगार होता तेवढाच. वर मोठ्या बँका स्वीडिश मालकीच्या, शेजारच्या एस्टोनिया-लिथुआनियाची चलनंही युरोलाच बांधलेली. लाटवियाच्या राजधानीत, रिगात, गाठ सुटली की पुढचा नंबर त्यांचा. शिवाय युरोत शिरायचं तर आधी दोन वर्षं स्वतःहून अवमूल्यन केलेलं चालत नाही. (शिरले २०१४ मध्ये.)

पाटीपेन्सिल
कर्जाचा हिशेब अर्धाच मांडलात. पगार कापला तरी युरोतला हप्ता जड होतोच! फरक आहे तो बोजा कुणावर पडतो याचा. अवमूल्यनात तो एका रात्रीत सगळ्यांवर पडतो. इथे आधी सरकारी नोकरांवर पडला, शिक्षकांचे पगार तर फारच कापले गेले, आणि नंतर नोकरी गेलेल्यांवर. खासगी धंद्यात पगाराचा काही भाग पाकिटातून रोख द्यायची पद्धत होती. करारात नसलेलं ते पाकीट पातळ करणं मालकाला सोपं, आणि ही कपात सरकारी आकड्यांत दिसतही नाही.

अर्धविराम
मान्य. म्हणूनच सरासरी वेतनावर विसंबू नका. बांधकामावरचे, कमी पगाराचे लोक आधी घरी बसतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आहे त्याहून बरी दिसते. एका नगामागे मजुरीचा खर्च किती, ते बघा.

बेकारीच्या दराचंही तेच. २०१० च्या सुरुवातीला तो २० टक्क्यांच्या आसपास होता, मग उतरला. पण ब्रिटन-आयर्लंडची दारं २००४ पासूनच उघडी होती, आणि देश सोडून गेलेला माणूस बेकारांत मोजला जात नाही. जनगणनेत २००० साली सुमारे २३.८ लाख लोक होते, २०११ साली २०.७ लाख. यात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त हेही कारण आहे, तेवढं वजा करा. तुलना करायचीच तर दराऐवजी कामावर असलेल्यांची संख्या घ्या, २००७ पासूनची.