लिबसाउंडफाइल अद्ययावत केल्यानंतर एमपी३ फायलींवरील खुणा ११०५ सॅम्पलने चुकत आहेत : मदत हवी आहे

नमस्कार.

मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह मी सांभाळतो. मूळ फायली एमपी३ स्वरूपात, ४४,१०० हर्ट्‌झच्या आहेत आणि प्रत्येक शब्द कोठे सुरू होतो, हे सॅम्पलच्या (ध्वनीच्या एकेका मोजमापाच्या; येथे सेकंदाला ४४,१००) क्रमांकाने वेगळ्या मजकूर-फायलींत नोंदवलेले आहे. या नोंदी माणसांनी कानांनी ऐकून, एकेक करून केलेल्या असल्यामुळे त्या पुन्हा करणे शक्य नाही.

लिबसाउंडफाइल या ध्वनिफायली वाचण्या-लिहिण्याच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीला एमपी३ वाचता येत नसे, म्हणून आम्ही दुसऱ्या एका साधनाने आधी वेव्ह (असंपीडित ध्वनीच्या) फायली तयार करत असू. १६ बिट स्टिरिओ वेव्हला मिनिटाला दहा मेगाबाइटहून अधिक जागा लागते. २०२२ मध्ये आलेल्या १.१.० या आवृत्तीपासून एमपी३चे वाचन लायब्ररीतच होऊ लागल्याने आता हा मधला टप्पा मी काढून टाकला आहे. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, त्रुटीचा एकही संदेश येत नाही, आणि म्हणूनच ही चूक बरेच दिवस लक्षात आली नाही.

'पाणी' या शब्दाची खूण पूर्वी 'प'च्या स्फोटाच्या अगदी कडेवर, शांतता संपते तेथे बसत असे. आता तीच खूण पुढच्या 'आ' स्वरात जाऊन पडते. जुनी वेव्ह आणि नवे वाचन शेजारी ठेवून मोजले, तेव्हा नव्या वाचनात ध्वनी बरोबर ११०५ सॅम्पल, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद, आधी सुरू होतो असे दिसले. मात्र हे सर्व फायलींत घडत नाही; काहींत फरक शून्य आहे.

११०५ हा आकडा योगायोगाचा नसावा. लेम हा एमपी३ तयार करणारा एन्कोडर सुरुवातीला सहसा ५७६ रिकाम्या सॅम्पलची भर घालतो आणि एमपी३ उलगडणाऱ्या डिकोडरचा विलंब ५२९ सॅम्पलचा असतो. बेरीज नेमकी तेवढीच होते. लेमने केलेल्या फायलीच्या पहिल्या फ्रेममधील माहितीखंडात या आरंभीच्या आणि शेवटच्या भरीसाठी प्रत्येकी १२ बिट राखलेले असतात. तो खंड ज्या फायलींत शाबूत आहे, त्यांतच भर कापली जाते आणि मध्येच तोडून जतन केलेल्या फायलींत तो नसल्यामुळे त्या जशाच्या तशा राहतात, असा माझा तर्क आहे. तपासलेल्या बारा फायलींत तो खरा ठरला. नवे वर्तनच अधिक योग्य आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न फक्त जुन्या नोंदींचा आहे.

ही कापणी बंद करून फाइल उघडण्याची सोय लायब्ररीच्या एखाद्या आदेशात आहे का? नसल्यास, प्रत्येक फायलीचा माहितीखंड स्वतः वाचून तिच्या खुणा तेवढ्याच मागे सरकवणे सुरक्षित ठरेल, की माहितीखंड असूनही कापणी होत नाही असे अपवाद कोणाला आढळले आहेत? सर्व एमपी३ एकदाच उलगडून फ्लॅक या ध्वनीत काहीही न गमावणाऱ्या संपीडित स्वरूपात ठेवण्याचा पर्यायही माझ्यासमोर आहे. त्यामुळे सॅम्पलचे क्रमांक पुढील कोणत्याही अद्यतनाने हलणार नाहीत, आणि माझा कल त्याकडेच आहे. परंतु ते उलगडणे जुन्या साधनाने करावे की नव्या वाचनाने, हे ठरत नाही. ज्यांनी असे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी आधी खुणा सरकवल्या की आधी फायली बदलल्या, तेही कृपया लिहावे.