फॉल गाईज सात वर्षांच्या मुलाला खेळू द्यावा का?

भांडुपची आई

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मुलुंडहून राहायला आला, येताना प्लेस्टेशन घेऊन आला आणि आमच्या टीव्हीला जोडून दिला. जाताना म्हणाला, "मावशी, माझी बारावी आहे, परीक्षा होईपर्यंत तुझ्याकडेच राहू दे." तेव्हापासून घरात फॉल गाईज.

मी शेजारी बसून गेम बघितला आहे. घेवड्याच्या दाण्यासारखे गरगरीत रंगीत बाहुले धावतात, फिरत्या दांड्यांचे फटके खातात, गुलाबी चिखलात पडतात. रक्त नाही, बंदूक नाही. मुलगा इतका खळखळून हसतो की मलाही हसू येतं.

पण परवाची गोष्ट. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही. मी दाराला कुलूप लावत होते, हा पुढे जिन्यात, आणि त्याच्यापुढे खालच्या वहिनींची चार वर्षांची मुलगी. वळून बघते तर याने तिला मागून दोन्ही हातांनी धरलं आणि ढकललं. तीनच पायऱ्या उरल्या होत्या, ती खालच्या वळणावर गुडघ्यांवर आपटली. हा हसत होता. ती रडायला लागली तेव्हा त्याचं हसू थांबलं आणि मला विचारतो, "आई, ती परत वर का नाही आली?"

वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. सासरे म्हणतात मशीन आजच परत पाठव. नवरा म्हणतो आम्ही कुस्त्या बघून मोठे झालो, काय बिघडलं? मला दोघांचंही पटत नाहीये. ज्यांची मुलं हा गेम खेळतात त्यांनी कृपया लिहा.

परळचा बाबा

ताई, वाचून पोटात गोळा आला. मुलगी बरी आहे ना आता?

माझी लेक नऊ वर्षांची. आम्ही दोघं मिळून दोन वर्षं हा गेम खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा विकत घ्यावा लागायचा आणि एका वेळी ६० जण धावायचे. २०२२ च्या जूनपासून फुकट झाला. युरोपात गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या पेगी संस्थेने त्याला ३ चा शिक्का दिला, म्हणजे तीन वर्षांपुढच्या कुणालाही चालेल. पण तो शिक्का रक्त, शिव्या, भीतीदायक दृश्यं असलं काही आहे का ते बघून देतात. जिन्यात जे झालं ते त्यात बसत नाही. कंट्रोलरवर आर-टू बटण दाबून धरलं की समोरच्या बाहुल्याला धरता येतं. शेपटी पळवायच्या फेरीत तर धरल्याशिवाय शेपटी मिळतच नाही. आणि शर्यतीच्या फेरीत कुणी खाली पडला की क्षणात मागच्या टप्प्यावर वरून टपकतो. तुमच्या मुलाने तेच विचारलं. त्याच्या दृष्टीने प्रश्न अगदी बरोबर होता.

लहानपणी आमच्या चाळीत पोगोवर ताकेशीज कॅसल हा अडथळ्यांच्या शर्यतीचा जपानी कार्यक्रम लागायचा, जावेद जाफरीच्या आवाजासाठी अख्खा मजला जमायचा. या गेमची कल्पना त्याच कार्यक्रमावरून सुचल्याचं बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे. पण तिथे खरी माणसं पडायची. चिखल पुसत, कधी लंगडत उठायची. लागतं हे दिसत होतं. बाहुल्याला काहीच लागत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला हा फरक कुणीतरी शेजारी बसून सांगावा लागतो. मी अजूनही लेकीला एकटीला खेळू देत नाही.

चांगलंही सांगतो. दारांची एक फेरी असते, काही दारं खरी, काही खोटी. पहिल्यांदा ती सगळ्यांच्या पुढे धावून खोट्या दारावर आपटायची. एक दिवस मुद्दाम मागे राहिली, कुठलं दार फुटतंय ते बघितलं आणि मग त्यातून गेली. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. पहिलं, थांबणं. बाद झालं की लगेच नवा डाव सुरू करता येतो, त्यामुळे हरल्याचं वाईट वाटायलाही वेळ मिळत नाही, मूल सरळ पुढच्या डावात. "अर्धा तास" सांगून उपयोग होत नाही, कारण अर्धा तास नेमका फेरीच्या मध्ये संपतो आणि मग आकांत. आमच्याकडे मोजणी शोवर आहे, शो म्हणजे सगळ्या फेऱ्यांचा मिळून एक डाव. दोन शो, जिंको वा हरो, मग बंद. ते तिला पटतं.

दुसरं, दुकान. बाहुल्याचे कपडे विकायला असतात. काही खेळून मिळवलेल्या कुडोस नावाच्या गेममधल्या नाण्यांत, काही शो-बक्स नावाच्या दुसऱ्या नाण्यांत, आणि हे शो-बक्स खऱ्या पैशांनी घेता येतात. माल बदलत राहतो, शेजारी किती वेळ उरला ते दिसतं. कपड्यांनी बाहुला जोरात पळत नाही, हे लेकीला एकदा दोन वेगळ्या कपड्यांत तीच फेरी खेळून दाखवलं.

आणि तिसरं, खातं. भाच्याचं खातं असेल तर मशीनच्या दृष्टीने तुमचा मुलगा बारावीत आहे! प्लेस्टेशनवर त्याचं वेगळं मुलांचं खातं काढा, तिथे वेळ, खर्च आणि अनोळखी लोकांशी बोलणं, तिन्हीला लगाम घालता येतो. गेम चालवणाऱ्या एपिक कंपनीच्या खात्यावरही खरी जन्मतारीख टाका. १३ च्या आतल्या मुलाला पालकांनी मंजुरी देईपर्यंत व्हॉइस चॅट आणि खरेदी बंद राहते. ही सोय २०२२ च्या डिसेंबरपासून आहे, पण खोटं वय टाकलं तर काही उपयोग नाही.

बालवाडीताई

मी गिरणगावात सव्वीस वर्षं बालवाडी चालवते. वरच्या बाबांशी एका बाबतीत असहमत. निदान दोन आठवडे तरी गेम पूर्ण बंद ठेवा. शिक्षा म्हणून नाही, त्यालाही तसं सांगा. ढकलण्याची सवय अंगात असताना रोज संध्याकाळी तेच बघितलं तर तुमचं बोलणं कुठे टिकणार?

आणि त्याला रागावू नका. त्याला त्या मुलीचे गुडघे दाखवा. खपली धरलेले, चालताना दुखणारे. उद्याही दाखवा, चार दिवसांनीही दाखवा. मुलं सांगण्यापेक्षा बघून शिकतात.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की पाच ते दहा वयाच्या मुलांचा सगळा मिळून स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत हवा. सगळा मिळून म्हणजे आजोबांबरोबरची मालिकाही त्यातच.

लालबागकर

मी अकरा वर्षं गोविंदा पथकात होतो, दुसऱ्या थराला. गेममधलं मला कळत नाही, पडण्यातलं कळतं.

गुरुपौर्णिमेला सराव सुरू व्हायचा तेव्हा आमचे वस्ताद पहिले काही दिवस चढायला शिकवायचेच नाहीत, उतरायला शिकवायचे. वरचा घसरला तर खालच्याने अंग काढायचं नाही, हात वर ठेवायचे, मान सांभाळायची, त्याला अंगावर घ्यायचं. माझ्या खांद्यावर एक पोरगा असा आला होता की आठवडाभर हात वर जात नव्हता. तो आजही भेटला की आधी खांद्याला हात लावतो, मग बोलतो.

ताई, मुलाला मशीनपासून उठवून एखाद्या मल्लखांबाच्या वर्गाला नेऊन बसवा. दादरला शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिरात लहान मुलं करतात. खाली गादी असते, शिकवणारे बाजूला उभे असतात. पोरगं स्वतः दोन वेळा घसरलं की दुसऱ्याला ढकलताना हात आपोआप थांबेल. भांडुपहून लांब पडतं, पण जवळपासही चौकशी करा.

कांदिवलीची मावशी

पैशांबद्दल एवढंच. दुसऱ्याच एका गेममध्ये माझ्या मुलाने माझ्या फोनवरून तीन दिवसांत २,३४० रुपयांचे हिरे घेतले. कार्ड आधीपासून जोडलेलं होतं, प्रत्येक खरेदी छोटी, माझ्या लक्षातही आलं नाही. कार्ड आजच काढून टाका, भाच्याचं असलं तरी.

भांडुपची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी बरी आहे, डाव्या गुडघ्याला खपली आहे.

ताई, तुमचं ऐकून मशीन कपाटात ठेवलं. परत पाठवलं नाही, सासऱ्यांनाही समजावलं. तीन दिवस तो रोज संध्याकाळी खाली जाऊन गुडघा बघून येतो. पहिल्या दिवशी दारातूनच बघितलं. काल विचारलं, "हात लावू का?" ती नाही म्हणाली, हा परत आला.

भाच्याला फोन केला. कार्ड त्याच्या बाबांचं जोडलेलं होतं, त्याने काढलं. वेगळं खातं काढलं तर भाच्याच्या खात्यावर मुलाने जिंकलेले दोन मुकुट मागेच राहतील, हे कळल्यावर खूप रडला. दोन आठवड्यांनी मी स्वतः कंट्रोलर हातात घेऊन त्याच्याबरोबर बसणार आहे, दोन शो.

बाबा, ती दारांची फेरी निवडता येते का, की येईल ती खेळावी लागते?

परळचा बाबा

नेहमीच्या शोमध्ये येईल ती खेळायची. पण तुम्ही बसलात की पहिल्याच फेरीत त्याला विचारा, आता खाली कोण पडलं आणि त्याला कुठे लागलं असतं? माझी लेक अजून सांगते, "बाबा, याचं कोपर गेलं."