उत्तर विरुद्ध गेलं तर?

'प्रमुखाने प्रश्न विचारले की तो कच्चा वाटतो' असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत 'चूक कोणाची?' म्हटलं की सगळे गप्प. 'मशीन बंद पडायच्या आधी काय वेगळं दिसलं?' विचारा, ऑपरेटर आपणहून बोलतो.

पण उत्तर नावडतं आलं तर? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांना गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं. त्यावर लोकांचं मत घेणारा जनमत कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ चा कौल विरुद्ध गेला, तरी त्याच वर्षी ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. (कौलाचा प्रश्न त्यांनी नव्हे, दिल्लीत संसदेने केलेल्या कायद्याने विचारला होता, हे खरं.) आमचे साहेब मात्र 'कुणाला काही विचारायचंय?' म्हणतात आणि लगेच लॅपटॉप मिटतात.