चॉकलेटमध्ये बुडवलेले मार्शमेलो दोनदा फसले, आता काय करू?

आठपाचची_लोकल

येत्या १९ जुलैला लेकीचा पाचवा वाढदिवस. सोसायटीतली तीसेक पोरं येणार. तिचं फर्मान असं की केकबरोबर काडीला टोचलेले, चॉकलेटमध्ये बुडवलेले मार्शमेलो हवेत, वर रंगीत स्प्रिंकल्स.

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. अर्धा किलो डार्क चॉकलेट आणलं, चांगलं महागातलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर स्टीलचं भांडं. मस्त वितळत होतं, तोंड दिसेल इतकं चमकत होतं, आणि एकाएकी त्याचा सांजा झाला. रवाळ, कोरडा गोळा, उलथण्याला चिकटून बसलेला. मला वाटलं घट्ट झालंय, म्हणून दोन चमचे दूध घातलं. मग तर आणखीच आवळलं.

उरलेल्या अर्ध्याला मायक्रोवेव्ह दाखवला. हे जमलं. बारा मार्शमेलो बुडवले, फ्रिजमध्ये ठेवले. तासाभराने बाहेर काढले तर दहा मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला, चार काडीवरून घसरले. सकाळी बघते तर वर पांढरट डाग, ओल आलेल्या भिंतीसारखे. नवरा म्हणाला बुरशी, आणि त्यातले दोन खाल्ले.

आणखी एक. सासूबाई माळकरी आहेत. पाकीट उलटून बघितलं तर तपकिरी खूण! मी आजवर समजत होते की मार्शमेलो म्हणजे नुसती साखर. नातीबरोबर त्याही एखादा खाणार, आणि त्यांना फसवून खायला घालणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

चूक कुठे होतेय? डोंबिवलीच्या जुलैत हे होण्यातलं आहे का, की नाद सोडून चिक्की वाटू?

भट्टी_गरम_आहे

अगं, तुझी दोन दुखणी वेगवेगळी आहेत, एकीचं औषध दुसरीला लागू पडणार नाही.

सांजा झाला तो पाण्यामुळे. चॉकलेट म्हणजे साखर आणि कोकोचे बारीक कण, कोको बटरमध्ये पसरलेले. त्यात वाफेचा थेंबभर ओलावा गेला की साखर ओली होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. दूध म्हणजे बव्हंशी पाणीच, तू आगीत तूप ओतलंस. पातळ करायचंच तर चमचाभर बिनवासाचं तेल. वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घे, म्हणजे वाफ आत वळत नाही. बूड पाण्याला टेकू देऊ नको आणि पाणी खदखदवू नको. मी तर पावसाळ्यात भांडं पुसून वर गॅसवर सेकंदभर फिरवते आणि गार होऊ देते. फसलेला गोळा टाकला नसशील तर त्यात अर्धी वाटी गरम दूध घाल. दोन चमच्यांनी बिघडतं, अर्ध्या वाटीने सॉस होतो.

डागांवर बोट फिरवून बघ. विरघळून गेले तर ते वर आलेलं कोको बटर. खरखरीत राहिले तर फ्रिजच्या घामात विरघळून परत सुकलेली साखर. बुरशी नाही, नवरा वाचला.

तीस पोरांसाठी सरळ कंपाउंड चॉकलेट घे. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना तापवून-निववून घेण्याची, भानगड नाही. पाचशे ग्रॅम पुरेल. मायक्रोवेव्ह निम्म्या पॉवरवर, दर तीस सेकंदांनी बाहेर काढून ढवळ. थोडे तुकडे दिसत असतानाच थांब, ते ढवळताना आपोआप वितळतात. उंच पेल्यात ओत, पसरट वाडग्यात बुडत नाहीत.

काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग टोचायचं आणि पाच मिनिटं सुकू द्यायचं. हीच तुझी खीळ.

कडू_बदाम

वरच्या ताईंचं सगळं मान्य, पण कंपाउंड म्हणजे मेणबत्ती चघळल्यासारखं. टाळूला थर बसतो. खरं चॉकलेट तोंडात विरघळतं कारण कोको बटर सुमारे ३४ अंशांना, म्हणजे अंगाच्या तापमानाच्या जरा खाली, वितळतं. नेमकी तीच मजा तुम्ही काढून टाकताय.

टेम्परिंगचा बाऊ करू नका. दोन तृतीयांश डार्क चॉकलेट ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, खाली घ्या, उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून घालत ढवळत राहा. २७-२८ वर आलं की किंचित ऊब देऊन ३१ वर आणा. सुरीच्या टोकावर लावून ठेवा. पाच-सहा मिनिटांत चमकदार सुकलं तर जमलं, नाहीतर परत पहिल्यापासून. थर्मामीटर हवाच, अंदाजाने करणारे मी बरेच पाहिलेत, ते सगळे चॉकलेट शेक पितात.

मात्र तीस अंशांच्या दमट स्वयंपाकघरात हे सुकणार नाही. बेडरूमला एसी लावा, तिथेच मांडा.

हडसनपार_बाई

न्यू जर्सीहून लिहितेय. तुमचा जुलै इथल्या कंपन्यांनाही नडलाय, बरं का! मॅलोमार्स नावाचं बिस्किट १९१३ पासून आहे: खाली बिस्किट, वर मार्शमेलो, त्यावर डार्क चॉकलेट. ते गरमीत वितळतं म्हणून उन्हाळ्यात बनवतच नाहीत, सप्टेंबरात परत दुकानात येतं. आमच्याकडे एक काका फ्रीजरमध्ये साठा करून ठेवतात.

एक सांगते. मार्शमेलो गार करून बुडवू नका. नंतर ते आतून फुगतात आणि कवचाला तडा जातो. आणि चार वर्षांखालची पोरं असतील तर त्यांना अख्खा देऊ नका, घशात अडकतो.

गोळीबंद_पाक

सासूबाईंच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. मार्शमेलोतलं जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचं असतं, तपकिरी खूण त्याचीच. हिरव्या खुणेचे मार्शमेलो मिळतात, त्यात समुद्री शेवाळातला कॅराजीनन असतो. क्रॉफर्ड मार्केटला केकच्या सामानाच्या दुकानांत विचारा. घरी चायना ग्रासचे करता येतात, मी केले आहेत. जिलेटिनचा ताणला जाणारा लवचिकपणा त्यात येत नाही, चावला की तुटतो. पाक ११५ अंशांचा, म्हणजे आपला गोळीबंदच. पण पावसाळ्यात पहिल्यांदा करून बघू नका. पाकीट फोडल्यावर लगेच बुडवा, उघडा मार्शमेलो हवेतली ओल ओढतो.

आठपाचची_लोकल

आज २१ तारीख. कडू बदाम, माफ करा, मेणबत्तीच वापरली. हिरव्या खुणेचे ३४ केले, शनिवारी रात्री, एसी लावून, पलंगावर जुनी चादर आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. काडी आधी बुडवायची युक्ती सोन्यासारखी, एकही घसरला नाही. डाग नाहीत, घाम नाही. पांढऱ्या कंपाउंडमध्ये लेकीच्या हट्टापायी नेहमीचा पाण्याचा गुलाबी रंग घातला आणि त्याचाही सांजा झाला. (तेलातला रंग लागतो, हे आता कळलं.)

सासूबाईंनी खूण स्वतः चष्मा लावून तपासली, एक खाल्ला आणि विचारलं, "आत कापूस आहे का गं?"

उरलेल्या वाटीभर चॉकलेटमध्ये त्यांनी बिया काढलेले खजूर बुडवून ठेवले. ते मार्शमेलोच्या आधी संपले.