१८-१९ तासांच्या फ्लाइटमधले पायलट झोपेचे पण पैसे घेतात काय?

उजळाईवाडीकर
नमस्कार मंडळी. घरात दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथं टाकतोय. माझा मावसभाऊ परदेशातल्या एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर हाय म्हणजे आपल्या भाषेत को-पायलट, परवा सुट्टीवर आलाय. त्यांच्याकडं लांब पल्ल्याची नवी विमानं येणार, सलग १८-१९ तास उडणार, आणि त्यासाठी वेगळा पगार वेगळ्या सुट्ट्या म्हणून युनियन आणि कंपनीची बोलणी चाललीत. जेवताना त्यानं हे सांगितलं आणि आमचे आण्णा उसळले. आण्णांनी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत ३१ वर्षं काढलीत आणि स्वतः युनियनमध्ये होते, तरी म्हणतात "चार पायलट नेता, त्यातले दोघं मागं गादीवर झोपणार आणि झोपेचा पण पगार मागता? आमचा भट्टीवर डोळा लागला असता तर गेटाबाहेर काढलं असतं." भाऊ बिचारा पांढरा रस्सा ओरपत गप्प बसला. तर कुणाला माहीत असेल तर सांगा, झोपेचे तास पगारात धरतात का, आणि लाखांत पगार असताना नेमकं भांडण कशाचं हाय? आण्णांना पटेल असं सांगा, नुसतं "त्यांची जबाबदारी मोठी असते" हे मी सांगून बघितलंय, चप्पल तेवढी यायची राहिली.

तीनपाळी
आण्णांशी सहमत. नाइट शिफ्ट आम्ही पण करतो, घरी येऊन पत्र्याखाली झोपतो, एसी पण नाही. पुढं बोला.

चौथी_सीट
मूळचा कागलचा, मोठी विमानं उडवतो, कंपनी विचारू नका. आण्णांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे बहुतेक ठिकाणी पगार ब्लॉक टाइमवर मोजतात, म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून परत जागेवर उभं राहीपर्यंत. त्यातले बंकमधले, म्हणजे विमानातल्या झोपायच्या कप्प्यातले तास पूर्ण धरायचे का कमी दरानं, हे कंपनीगणिक वेगळं असतं आणि बोलणी अडतात त्यातला एक मुद्दा हाच.

आता ती "गादी". कॉकपिटच्या मागं वर एक कप्पा असतो, बसलं तर डोकं छताला लागतं, हवा इतकी कोरडी की नाक सुकतं, आणि तुमच्या झोपेची वेळ घड्याळ ठरवतं, शरीर नाही. १८ तासांच्या फ्लाइटमध्ये माणशी सात-आठ तास विश्रांती कागदावर मिळते, त्यातली खरी झोप किती ते ज्याचं त्याला ठाऊक. दुपारी चारला रंकाळ्यावर पोट भरून भेळ खाल्ल्यावर कुणी सांगितलं आत्ताच्या आत्ता झोप, पहाटे तुला तीनशे माणसं घेऊन उतरायचंय, तर झोप येईल का तुम्हाला? बरं न झोपता मी घरी जाऊ शकतो का? नाही. फाउंड्रीत पाळी संपली की गेटाबाहेर पडता, इथं गेट ३८ हजार फुटांवर.

आणि पैशापेक्षा मोठं भांडण परत आल्यानंतरचं असतं. बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक आहे, दिवसाची रात्रच होते. तिथं दोन रात्री काढून परत आलात की शरीर ना तिथलं ना इथलं. परतल्यावर घरी किती रात्री मिळणार, त्या सुट्टीत धरणार का ड्युटीत, स्टँडबायला म्हणजे राखीव म्हणून फोन करून बोलावणार का, यावर आमची माणसं रात्र रात्र बसतात. बायको म्हणते तू घरी असतोस पण नसतोस, त्याचा दर कुठल्या करारात लिहायचा ते सांगा.

अजून एक, बाहेरच्याला माहीत नसतं असं. नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केली नाहीत तर पायलटला तसंच उडता येत नाही. लांबच्या फ्लाइटला आम्ही चौघं, उतरवणारा एकच. महिन्यात दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी माझ्या वाट्याला कधी कधी एकही लँडिंग येत नाही. मग सिम्युलेटरला, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटला जाऊन कोटा पूर्ण करायचा. तो दिवस माझ्या सुट्टीतला का कंपनीचा? हसू नका, यावर करार अडलेले बघितलेत मी.

मुक्कामी_गाडी
एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. तीनपाळीभाऊ तुम्ही पत्र्याखाली झोपता ते खरं पण स्वतःच्या घरात. आम्ही मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात जायचो, रात्री गाडीतच बाकड्यावर पडायचं, डास, कुत्री, पहाटे साडेपाचला पहिली फेरी. डेपोत म्हणायचे रात्रभर झोपलाच होता की, भत्ता कसला. अहो झोपलो होतो पण घरी नव्हतो, गाडी टाकून हलता येत नव्हतं! ते काम हाय का नाही? एवढंच इचारा तुमच्या आण्णास्नी.

आकडेमोड
हा विषय थोडा वाचलाय, लांब लिहितो, माफी.

लांबच्या फ्लाइटच्या वेगळ्या कराराचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं. सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्क एका दमात, साधारण २० तास, 'प्रोजेक्ट सनराइज' नाव, त्यासाठी एअरबस ए३५०-१००० ठरलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी बोइंग ७८७ नं न्यूयॉर्क ते सिडनी चाचणी घेतली, १९ तास १६ मिनिटं, पायलटच्या डोक्याला मेंदूचे तरंग मोजायचं यंत्र आणि लघवीचे नमुने वगैरे. युनियन म्हणाली दोन-तीन चाचण्यांवरनं थकवा कळत नाही, महिनोन्महिने असंच उडवल्यावर काय होतं ते बघा. आता खरी गंमत, २०२० च्या सुरवातीला कंपनीनं सांगितलं तुम्ही करार मान्य केला नाही तर या विमानांसाठी बाहेरून वेगळे पायलट घेऊ. मार्चमध्ये मतदान झालं आणि ८५ टक्के लोकांनी होय म्हटलं. आपल्याकडं कारखान्यात नवीन प्लँट टाकला की "तिकडं कंत्राटी घेऊ" म्हणतात तसंच, तंतोतंत.

नवीन विमान आलं की जुनं भांडण वर येतं हे आपल्याकडं पण झालंय. २०१२ ला एअर इंडियाचे पायलट ५८ दिवस कामावर आले नव्हते, कारण ड्रीमलायनरचं, म्हणजे नव्या बोइंग ७८७ चं ट्रेनिंग कुणाला द्यायचं.

"कंपनीला परवडत नाही" हे ऐकायच्या आधी विमानातल्या सीट बघा. सिंगापूर एअरलाइन्स सिंगापूर-न्यूयॉर्क ज्या ए३५० नं उडवते त्यात फक्त १६१ सीट आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी, साधी इकॉनॉमी नाहीच. म्हणजे न थांबता जायचं म्हणून जास्त पैसे मोजणाराच गिऱ्हाईक. मग त्यातला वाटा चालवणाऱ्यानं मागितला तर काय चुकलं? ऊसवाले हेच म्हणतात की, साखरेचा भाव वाढला तर आमचा पण द्या.

तीनपाळी
ऊस मध्ये आणू नका, ऊसवाल्याला अजून एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) मिळाली नाही 😄 मुक्कामीकाकांचा मुद्दा पटला, बाकी नाही. थकवा फक्त लांबच्या फ्लाइटलाच येतो काय? मग त्याचाच वेगळा दर का?

चौथी_सीट
प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर "नाही" असं आहे. २०१० ला मंगळूरला अपघात झाला, १५८ माणसं गेली, ते विमान दुबईहून आलं होतं, जेमतेम चार तासांचा रस्ता. चौकशीत निघालं की कॅप्टन दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता आणि उठल्यावर पुरता सावध नव्हता. पुढं थकव्यासाठी भारतात नवीन नियम पण आले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. लांबच्या फ्लाइटला वेगळा करार लागतो कारण साधे नियम दोन पायलट आणि एक रात्र धरून केलेत, तिथं चौघं आणि दोन सूर्योदय असतात.

शिवाय आज १६ तास म्हणून सही केली ती उद्या १६ राहीलच असं नाही. एप्रिल २०२५ ला पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली, दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं वळसा घालून जाऊ लागली, काहींना व्हिएन्नाला तेलासाठी थांबावं लागलं. करारात "रस्ता लांबला तर काय" हे कलम नसेल तर वळशाचे तास पायलटच्या झोपेतून जातात.

उजळाईवाडीकर
सगळ्यांचे आभार, रात्री जेवताना आण्णांना मोबाइलवरनं सगळं वाचून दाखवलं. क्वांटासला "हं" म्हणाले, सिंगापूरच्या सीटला "हं", मुक्कामी गाडीला मात्र जेवायचं थांबले, त्यांचे थोरले भाऊ एसटीत होते. मग बराच वेळ काही नाही, आणि हात धुताना भावाला विचारलं, "त्या सिम्युलेटरच्या दिवसाची हजेरी कुठल्या रजिस्टरला लागती रे?" तो म्हणाला आण्णा, सहा महिने झाले, बोलणी तिथंच अडलीत. आत्ता दोघं बाहेर कट्ट्यावर बसलेत, भाऊ कराराचा मसुदा मोबाइलवर दाखवतोय आणि आण्णांनी चष्मा मागवलाय.