नेट न्यूट्रॅलिटीवरील लेखासाठी कोणती चित्रे योग्य ठरतील?

प्रश्न : शब्दयात्री

नेट न्यूट्रॅलिटी (इंटरनेट सेवादात्याने सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी हे तत्त्व) या विषयावर मी सामान्य वाचकांसाठी एक परिचयपर लेख लिहिला असून त्यासाठी तीन चित्रे निवडायची आहेत. अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा मांडली, तिथपासून लेख सुरू होतो आणि चिलीचा २०१० मधील कायदा, अमेरिकेत २०१५ मध्ये झालेले व २०१७ मध्ये मागे घेतलेले नियम, तसेच भारतात दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१६ मध्ये भेदभावपूर्ण डेटा-दरांवर घातलेली बंदी इथपर्यंत येतो. चित्रसंग्रहांत शोध घेतला की पृथ्वीचा गोल, कुलूप, तराजू, कात्रीत धरलेली केबल आणि दोन मार्गिकांचा महामार्ग हीच चित्रे पुन्हा पुन्हा समोर येतात. यांपैकी महामार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. परंतु ‘जास्त पैसे मोजणाऱ्याला मोकळा रस्ता मिळाला तर बिघडले कुठे?’ असे वाचकाच्या मनात आले, तर माझा सगळा लेखच त्या चित्राच्या विरोधात उभा राहील. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद : रेषाकार

आपली शंका रास्त आहे. ग्राहकाने अधिक वेगाची योजना घेतली, तर त्याने तटस्थतेचा भंग होत नाही; ग्राहकाने घेतलेल्या त्याच जोडणीवर सेवादाता एका संकेतस्थळाला वाट देतो आणि दुसऱ्याला अडवतो, तेव्हा भंग होतो. महामार्गाच्या चित्रात गाड्या दिसतात, पण अडवणारा दिसत नाही, आणि विषय तर नेमका त्याचाच आहे. म्हणून वेगमापकाचे चित्रही टाळावे, कारण ते पाहून वाचकाला स्वतःच्या घरातले मंद वाय-फाय आठवेल आणि तो लेखात त्यावरचा उपाय शोधू लागेल.

कुलूप पाहून गोपनीयता आठवते, तराजू पाहून न्यायालय, आणि कापलेली केबल पाहून इंटरनेटबंदी. तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत, पण ते वेगळे आहेत. पृथ्वीच्या गोलाबद्दल तर बोलायलाच नको. तो कोणत्याही लेखावर चालतो, म्हणजेच कोणत्याही लेखाला काही देत नाही.

माझी सूचना अशी की, एकच वापरकर्ता, एकच जोडणी आणि शेजारी शेजारी दोन पडदे दाखवावेत. एका पडद्यावर चित्रफीत सुरू आहे, दुसऱ्यावर थांबलेली आहे, आणि दोहोंच्या मधोमध सेवादात्याची पेटी आहे, जिच्यातून येणाऱ्या सारख्याच आकाराच्या पाकिटांपैकी काही बाजूला काढून ठेवलेली आहेत. डेटा खरोखरच पॅकेटच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपात प्रवास करत असल्यामुळे टपालाची ही उपमा ओढूनताणून आणलेली वाटत नाही. पाकिटावरचा पत्ता वाचणे टपालवाल्याला भागच आहे. पण पाठवणारा कोण हे पाहून त्याने पत्र मागे ठेवणे, हे एका दृष्टिक्षेपात खटकते.

प्रतिसाद : तारयंत्र

रेषाकार यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरी महामार्ग पूर्णपणे टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील वाद ‘जलद मार्गिका’ आणि ‘मंद मार्गिका’ याच शब्दांत लढला गेला, त्यामुळे त्या कालखंडाबद्दलच्या परिच्छेदाशेजारी हे चित्र शोभेल. मात्र मुखचित्र म्हणून ते नको. त्याच परिच्छेदासाठी आणखी एक पर्याय आहे. १० सप्टेंबर २०१४ रोजी अनेक संकेतस्थळांनी निषेध म्हणून आपल्या पानांवर फिरणारे चक्र झळकवले होते. प्रत्यक्षात त्यांनी वेग कमी केला नव्हता. पान उघडायला विलंब लागण्याची ती केवळ खूण होती. ते चक्र संदर्भासहित छापल्यास अर्थपूर्ण आहे. संदर्भाशिवाय छापल्यास वाचक आपलेच पान अडकले असे समजेल!

खरी अडचण भारताच्या भागात येईल. फेब्रुवारी २०१६ चा नियम वेगाबद्दल नव्हता, दराबद्दल होता: निवडक सेवा मोफत किंवा स्वस्त आणि बाकीच्यांना नेहमीचा दर, ही पद्धत त्याने बंद केली. तेथे काहीच अडत नाही, काहीच मंदावत नाही, उलट फुकट काहीतरी मिळते. त्यामुळे अडवणुकीची सर्व चित्रे निरुपयोगी ठरतात. मी दोन मोजणीयंत्रे दाखवेन. एका संकेतस्थळाकडे जाताना आकडे फिरतात, दुसऱ्याकडे जाताना ते स्थिर राहतात, आणि वापरकर्त्याचा हात साहजिकच स्थिर आकड्यांकडे वळतो. तो वळणारा हात चित्रात असलाच पाहिजे, कारण फुकटच्या गोष्टीत आक्षेपार्ह काय आहे, हे त्याच्याविना कळत नाही.

प्रतिसाद : तळटीप

लेख परिचयपर असेल, तर चित्रांनीही बाजू घेऊ नये. साखळदंड, अक्राळविक्राळ हात, गळा आवळलेला संगणक ही घोषणाफलकांची भाषा आहे. डेटा-वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमांनाही मान्य आहे, त्यामुळे सेवादात्याच्या पेटीला खलनायकाचा चेहरा देणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

परवान्याकडेही लक्ष द्यावे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (चित्रे, मजकूर इत्यादी इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यांच्या संचातील) ज्या परवान्यात बदल करण्यास मनाई आहे, त्यातील चित्रावर मराठी अक्षरे चढवून ते प्रसिद्ध करता येत नाही. खऱ्या कंपन्यांची बोधचिन्हे वापरू नयेत. दोन पडद्यांवर चौकोन आणि वर्तुळ एवढे पुरे आहे. केवळ लाल-हिरव्या रंगावर भेद सोपवू नये, कारण तो सर्वांना दिसत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : शब्दयात्री

सर्वांचे आभार. मुखचित्र म्हणून पाकिटे आणि पेटी घेतो, पेटी साधी राखाडी ठेवतो. भारताच्या भागात मोजणीयंत्रे येतील, महामार्ग अमेरिकेच्या परिच्छेदात जाईल आणि फिरणारे चक्र जागेअभावी वगळतो. दृष्टिहीन वाचकांसाठी मुखचित्राला पुढील पर्यायी मजकूर योजला आहे: ‘एकाच घराकडे निघालेली सारख्या आकाराची पाकिटे, मधल्या पेटीपाशी चौकोनाची खूण असलेली पुढे जात आहेत आणि वर्तुळाची खूण असलेली बाजूला थांबवलेली आहेत.’

प्रतिसाद : रेषाकार

मजकूर नेमका आहे. फक्त ‘थांबवलेली’ या शब्दाआधी ‘पेटीने’ घालावे, म्हणजे ऐकणाऱ्यालाही कर्ता कळेल.