तरीच्या होडीचं गणित: १९.५, ३१.७ की ३८ अंश?

गुहागर_अकरावी
अकरावी फिजिक्स, व्हेक्टरचा धडा. खाडी ८०० मीटर रुंद, ओहोटीचं पाणी ३ नॉटने समुद्राकडे चाललंय, होडीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी ९ किमी. दाभोळच्या जेटीवरून सुटून बरोबर समोर धोपाव्याला लागायचं, तर होडीची नाळ (पुढचं टोक) किती अंश आत, म्हणजे चिपळूणच्या अंगाला, वळवून धरायची? आणि वेळ किती? (आकडे गणितापुरते आहेत, खाडीची मापं म्हणून घेऊ नयेत.)
आमच्या ग्रुपवर १९.५, ३१.७ आणि ३८ अशी तीन उत्तरं आली आहेत आणि तिघेही ठाम आहेत. उत्तर नुसतं नको, चुकतंय कुठे ते सांगा.

फूटपट्टी
३८ बरोबर. बाकीची दोन का आली, तेच जास्त शिकवणारं आहे.

१९.५ वाल्याने ३ ला ९ ने भागलं. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल आणि सागरी मैल बरोबर १८५२ मीटरचा. तेव्हा ३ नॉट म्हणजे ताशी ५.५५६ किमी, किंवा ५५५६ भागिले ३६०० करून १.५४३ मी/से. होडीचे ताशी ९ किमी म्हणजे २.५ मी/से. आता गुणोत्तर: १.५४३ ÷ २.५ = ०.६१७. किमीतच ठेवलंत तरी ५.५५६ ÷ ९ = ०.६१७ च. कोनासाठी मी/से मध्ये आणलंच पाहिजे असं काही नाही, वर आणि खाली एकच एकक हवं, की ते कटतं. वेळ काढताना मात्र रुंदी मीटरमध्ये आहे, तेव्हा मी/से सोयीचं. नॉट दिसला की आधी त्याच्याभोवती पेनाने गोल काढायचा, मग पुढचं.

३१.७ वाल्याचं एकक ठीक, त्रिकोण चुकला. त्याने ०.६१७ चा टॅन-व्यस्त घेतला, म्हणजे २.५ ही काटकोनाची बाजू धरली. पण इथे काटकोन आहे तो पाण्याचा वेग आणि *परिणामी* वेग (होडी आणि पाणी मिळून होणारा) यांच्यात, कारण परिणामी वेग समोर हवाय. होडीचा २.५ हा तिरका, म्हणजे कर्ण. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. साइन-व्यस्त ०.६१७ = ३८.१ अंश.

३१.७ हेही एका प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त या नव्हे. नाळ सरळ धोपाव्याकडे ठेवली तर होडी सरळ रेषेपासून जितकी वाकडी जाईल, तो हा कोन.

वेळ: आडवा घटक, म्हणजे सरळ पलीकडे नेणारा वेग, २.५ × कॉस ३८.१ = १.९७ मी/से. ८०० ÷ १.९७ म्हणजे सुमारे ४०७ सेकंद, पावणेसात मिनिटं.

चुकीच्या कोनाने निघाल्यास काय होतं तेही करून बघा. ३१.७ धरला तर पाण्याचा ०.२३ मी/से उरतो, ३७६ सेकंदांत होडी ८६ मीटर खाली लागते. १९.५ धरला तर तब्बल २४० मीटर खाली. जेटी चुकायला पुरेसं आहे.

गुहागर_अकरावी
त्रिकोण कळला. मग नाळ सरळ ठेवून गेलो तर ८०० ÷ २.५ = ३२० सेकंद, पाणी कितीही जोरात असलं तरी तेवढेच? हे पटत नाही. वाट तर लांबते.

फूटपट्टी
वाट लांबते, ९४० मीटर होते. पण वेगही २.९४ होतो, भागाकार पुन्हा ३२०. पाण्याचा वेग किनाऱ्याला समांतर आहे, पलीकडे न्यायला किंवा मागे ओढायला त्याचा काहीच हात नाही. त्या ३२० सेकंदांत तुम्ही ४९४ मीटर समुद्राकडे गेलेले असता, एवढंच. लवकर पोचायचं तर सरळ, नेमकं पोचायचं तर तिरकं. परीक्षेत 'कमीत कमी वेळ' आणि 'कमीत कमी अंतर' हे शब्द नीट वाचा, अर्धे मार्क तिथेच जातात.

तांडेल_बंदर
दोन गोष्टी जोडतो.

पहिली, वारा आणि पाण्याची दिशा उलट्या रीतीने सांगतात. नैऋत्य वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा, त्याचा बाण ईशान्येकडे काढायचा. पाण्याचा ओढ पश्चिमेचा म्हटलं की तो पश्चिमेकडे *जाणारा*. एका आकृतीत दोन्ही आले आणि हे विसरलं की एक बाण १८० अंशांनी उलटा बसतो, बेरजेच्या जागी वजाबाकी होते.

दुसरी, पाण्याचा वेग होडीच्या वेगापेक्षा जास्त झाला तर साइन १ च्या वर जातो आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. तो बिघाड नाही, त्या वेळी समोर लागणं शक्यच नाही असा त्याचा अर्थ. पाणी उतरण्याचा जोर बहुधा ओहोटीच्या मधल्या दोन तासांत असतो, उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) भांगापेक्षा (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) बराच जास्त.

मोजमाप
मोबाइलवरचा जीपीएस घेऊन हे ताडून बघणार असाल तर आधी एक लक्षात ठेवा: तो जमिनीच्या मानाने वेग दाखवतो, म्हणजे पाण्याचा वेग त्यात आधीच मिळवलेला असतो. तो आकडा होडीचा स्थिर पाण्यातला वेग म्हणून गणितात टाकला की पाणी दोनदा मोजलं जातं. इंजिनचे फेरे तेच ठेवून एकदा पाण्याबरोबर आणि लगेच एकदा पाण्याविरुद्ध चालवा. समजा १४.५ आणि ३.५ किमी आले. बेरजेचा निम्मा ९, तो होडीचा. वजाबाकीचा निम्मा ५.५, तो पाण्याचा, म्हणजे जवळपास ३ नॉट.

होडीशिवाय करायचं असेल तर प्लॅस्टिकची बाटली पाऊण भरून धक्क्यावरून सोडा. रिकामी नको, तिला वाराच ढकलतो. धक्क्यावर ३० मीटर आखून घ्या आणि बाटली २० सेकंदांत गेली तर १.५० मी/से. आखणीत अर्ध्या मीटरची चूक म्हणजे १.७ टक्के, घड्याळ दाबण्यात ०.३ सेकंद म्हणजे १.५ टक्के. भागाकारात टक्केवाऱ्या मिळवायच्या, एकूण ३.२ टक्के. उत्तर १.५० ± ०.०५ असं लिहा, १.५०३२ नव्हे. शिवाय हा काठाजवळचा वेग. मधल्या खोल पाण्यात तो बहुतेक वेळा जास्तच असतो.